ढब्बूसाठी तीन रविवार

सोमवार, ता. ३

आणि मी म्हणतो, खुर्च्या मी मोजून ठेवल्या होत्या. साठ मोठ्या, चाळीस छोट्या. शनिवारी संध्याकाळी छोट्या सामानाच्या खोलीत, मोठ्या बाहेर. रविवारी दुपारी मोठ्या आत, छोट्या बाहेर. दीड वर्ष हेच करतोय. तरी ऑर्गनवाल्या आजी म्हणणारच की काल एक छोटी खुर्ची मोठ्यांत राहिली आणि चर्चचे खजिनदार तिच्यावर बसले. बसले तर बसले. माणसाने बसायच्या आधी खाली बघावं. खजिनदार उठले तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली, हे खरं. मी हसलो, हेही खरं. पण पहिले हसले ते पाळकसाहेब. ते कुणी धरत नाही.

हॉल एकच आहे, चर्चच्या मागे. सोमवार ते शुक्रवार बालवाडीचा, शनिवार-रविवार चर्चच्या मंडळीचा. मंडळी म्हणते, बालवाडी आमच्या जागेत राहते. बालवाडीच्या बाई म्हणतात, आम्ही चर्चचंच काम करतो, पोरांना येशूची गाणी काय बाजारात शिकवतात? बाई स्वतः रविवारी दुसऱ्याच चर्चला जातात, हा मंडळीचा आणखी एक राग. मी ना मंडळीत, ना बालवाडीत. मी पगारात आहे. अर्धा पगार चर्च देतं, अर्धा बालवाडी. ओरडा मात्र दोन्हीकडून पूर्ण मिळतो.

आज कळलं ते हसण्यासारखं नाही. तेवीस तारखेच्या वार्षिक सभेत बालवाडीला तीन महिन्यांची नोटीस द्यायचा ठराव येणार आहे. बालवाडी गेली की माझा अर्धा पगार गेला. राहिलेल्या अर्ध्यात खोलीचं भाडं आणि जेवण भागेल, घरी शून्य. दर महिन्याला पाच हजार जातात, त्यातून धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या वर्गाची फी भरली जाते. तिला काय सांगू? एक छोटी खुर्ची राहिली होती म्हणून वर्ग सोड?

बुधवार, ता. ५

हॉलच्या भिंतींना नवा रंग दिलाय, म्हणून भिंतीला कागद चिकटवायचा नाही, अशी पाटी लागली. पाटी भिंतीलाच चिकटवली आहे.

त्यात गेल्याच आठवड्यात खजिनदारांनी हीटरच्या बटणावर कुलूपबंद डबी बसवली. हीटर फक्त रविवारी. बाई कोट घालून शिकवतात आणि एकतीस पोरं अंगात इतके कपडे घालून येतात की पडली तर आपलं आपल्याला उठता येत नाही. मी फिरून फिरून उभी करतो. मला ती खुर्चीदादा म्हणतात.

ढब्बू चार दिवस जेवला नाही. ढब्बू म्हणजे बालवाडीचं कासव, ताटाएवढं, खिडकीखालच्या खोक्यात राहतं. बाई म्हणतात ते माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. डोकं आत, पाय आत, दुकान बंद. मी कोबीचं पान नाकाशी धरलं. एरवी पान ओढून घेतो आणि माझ्याकडे सावकारासारखा बघतो. आज बघितलंसुद्धा नाही. पोरं खोक्याभोवती बसून होती, एवढी गप्प की मलाच खोकावं लागलं.

शुक्रवार, ता. ७

आज बाईंचा धडा होता, कोणासाठी प्रार्थना करू. एकेक पोर कानात सांगणार, बाई चिठ्ठीवर लिहिणार. मग चिठ्ठ्या भिंतीवर लावायच्या. पण पाटी. बाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात धरून त्या पाटीकडे असं बघत होत्या की पाटीने स्वतःहून खाली पडावं.

शेवटी डोकं मीच चालवलं. चर्चच्या दाराशी प्रार्थनेची पेटी आहे, वरती फट असलेली. ज्याला कुणासाठी प्रार्थना हवी तो चिठ्ठी टाकतो, रविवारी पाळकसाहेब एकेक चिठ्ठी वाचतात आणि प्रत्येकीनंतर सगळे म्हणतात, प्रभू, ऐक. मी पोरांना रांगेने नेलं आणि एकेकाला उचलून फटीपर्यंत धरलं. पोरांना फट फार आवडते. दोघांनी चिठ्ठी टाकून झाल्यावर मोजाही टाकला.

शनिवार, ता. ८

पेटी उघडून चिठ्ठ्या वेदीवर काचेखाली ठेवायचं काम माझंच. मोठ्यांच्या पाच, पोरांच्या एकतीस, मोजे दोन. मला वाचायला वेळ लागतो, त्यामुळे एकेक नीट वाचली. एकाला वाटतं चंद्र मोठा व्हावा. एकीला भाऊ नको, परत न्या. असलं वाचलं तर पाळकसाहेबांचं काय राहील? आणि आजी आधीच टपलेल्या. म्हणून मी निवडानिवड केली. पोरांच्या तीस चिठ्ठ्या केरात टाकल्या, एक ठेवली. ती अगदी चर्चमध्ये शोभेल अशी होती: "ढब्बू जेवत नाही. डोळे उघडत नाही. देवा, त्याला बरं कर."

खरं सांगायचं तर मलाही त्याची काळजी वाटतेय.

रविवार, ता. ९

मेलो.

पाळकसाहेबांनी चिठ्ठी वाचली ती मयताला बोलतात त्या आवाजात. ढब्बू. जेवत नाही. डोळे उघडत नाही. मग मान खाली घातली. मग चर्चभर पन्नास-साठ माणसं एका आवाजात, प्रभू, ऐक. खजिनदारसुद्धा. मी मागे बटणांच्या फळीपाशी उभा. हसू असं आलं की मी पडद्याची दोरी दातात धरली. दोरी ओढली गेली आणि पडदा अर्धा बंद झाला. लोकांना वाटलं दुःखाने.

मग ऑर्गनवर गाणं सुरू व्हायला पाहिजे ते होईना. आजी डोळे पुसत होत्या. माझं हसू तिथेच संपलं.

मंगळवार, ता. ११

आजींनी मला गाठलं. त्या आणि बाई दोन वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, पोरांनी ऑर्गनच्या पेडलखाली बिस्किटं ठेवली तेव्हापासून. जे विचारायचं ते मला विचारतात. मी ठरवलं होतं की लगेच सांगून टाकायचं, ढब्बू कासव आहे. पण आजींनी माझा हात धरला. कोरडा, हलका हात. आणि विचारत सुटल्या.

"हा ढब्बू बालवाडीतलाच ना?"

"हो."

"आई काय करते त्याची?"

"आई कुणी पाहिली नाही, आजी."

"बाप?"

"तोही नाही."

"मग राहतो कुणाकडे?"

"इथेच. हॉलमध्ये, खिडकीखाली."

"त्या गारठ्यात? आणि रविवारी आम्ही तिथे चहा पितो तेव्हा?"

"तेव्हा मी त्याला सामानाच्या खोलीत ठेवतो. त्याला गोंगाट सोसत नाही."

आजी बाकावर बसल्या. मी एकही शब्द खोटा बोललो नाही, हे इथे लिहून ठेवतो. पण एकेक खरा शब्द बोललो आणि एकेक पायरी खाली गेलो. किती वर्षांचा, म्हणाल्या. म्हटलं, दिसतो त्याहून मोठा आहे. उपासाने खुरटला असेल, म्हणाल्या, आणि पर्स घेऊन सरळ खजिनदारांच्या घराकडे चालू लागल्या. ज्या माणसाच्या खुर्चीवरून मला आठवडाभर बोलणी खावी लागली, त्याच्या घराकडे. मागून हाक मारायला तोंड उघडलं होतं. तेवीस तारीख आठवली, मिटलं.

गुरुवार, ता. १३

कुलूप निघालं. खजिनदार स्वतः आले, डबी काढली, बटण दाबलं. हॉलमध्ये मान वर करून बघितलंच नाही त्यांनी, फरशीकडे बघत होते. पोरं गेलेली होती. जाताना अगदी हळू आवाजात विचारलं, तो झोपलाय का. म्हटलं, हो. तर हा सहा फुटी माणूस चवड्यांवर चालत बाहेर गेला. दारात गळ्यातला मफलर काढून माझ्या हातात दिला आणि कुणाला सांगू नकोस म्हणाला.

बाईंनी विचारलं हीटर कसा लागला. मी म्हटलं, खजिनदारांना पाझर फुटला. बाई म्हणाल्या, पाइप फुटला असेल.

रविवार, ता. १६

दुसऱ्यांदा प्रार्थना झाली. या वेळी चिठ्ठी नव्हतीच, पाळकसाहेबांच्या पाठ होतं. उपासनेनंतर माझ्या हातात सामान येत गेलं. पायमोज्यांचे दोन जोड, चित्रांचं पुस्तक, दात घासायचा छोटा ब्रश. त्याला दात नाहीत, हे जिभेवर आलं होतं. आजींनी स्वेटर विणला आहे, निळा. चार दिवसांत. माप कुठून घेतलं विचारलं तर म्हणाल्या, पोराचं माप हाताला माहीत असतं.

मंगळवार, ता. १८

जेवला. ढब्बू जेवला.

स्वेटर नुसता पडून राहायचा म्हणून मी सकाळी त्यालाच घातला. गळ्यातून डोकं येईल असा, बाह्या दोन्हीकडे मोकळ्या. थोड्या वेळाने गळ्यातून खरंच डोकं आलं. डोळे उघडले, माझ्याकडे सावकारासारखं बघितलं आणि कोबीचं पान हातातून ओढलं. मी ओरडलो. एकतीस पोरं ओरडली. ढब्बू एक बाही मागे ओढत हॉलभर फिरला आणि त्याच्या मागून आम्ही सगळे वरात काढल्यासारखे. मी एका पोराला खांद्यावर घेतलं तर सगळीच खांद्यावर यायला निघाली. एक टेबल मोडलं.

आता मात्र मानायला हवं की प्रार्थनेत जोर आहे. पहिल्या प्रार्थनेला हलला नाही, दुसऱ्या प्रार्थनेनंतर दोन दिवसांत जेवला. बहुतेक दोनदा सांगावं लागतं. धाकटीच्या परीक्षेच्या वेळी हे ध्यानात ठेवायचं.

बाईंनी स्वेटर बघितला आणि कुणी दिला विचारलं. मला सगळं सांगावंच लागलं. त्या छोट्या खुर्चीवर बसून हसल्या, पोट धरून, चष्मा काढून. सामानाच्या खोलीचं सांगितलं तेव्हा त्यांनी मला हातानेच थांबवलं, श्वास घेऊ दे म्हणून. मग हसायच्या थांबल्या. पोरांचे रंगाचे ब्रश घेऊन नळाखाली धुवायला लागल्या. धुतलेलेच ब्रश होते. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "रविवारपर्यंत तू मला काही सांगितलेलं नाहीस."

म्हणजे बाईही घाबरल्या आहेत. मला वाटलं होतं एकटा मीच.

आजींना मात्र जेवल्याचं कळवलं. तेवढं तरी कळवायलाच हवं होतं. त्यांनी तिथेच माझी अलाबला घेतली. दोन आठवड्यांपूर्वी खुर्चीवरून माझ्यावर ओरडत होत्या.

शनिवार, ता. २२

आजींनी खाट हलवायला घरी बोलावलं. मला वाटलं त्यांचीच खाट. तर मागची खोली, त्यांच्या मुलाची. तो लांब असतो, कामाला. खोली रिकामी केलेली, खिडकी पुसलेली. खाट भिंतीला लावून घेतली, पडायला नको म्हणून. वर नवी चादर, होड्यांची. मोरीत नळापाशी लाकडी पाट ठेवलेला, पोराचा हात नळाला पोचावा म्हणून. त्यावर चढून आजींनी मला दाखवलं की डुगडुगत नाही. पंचाहत्तरीच्या आहेत आजी. मी खालून हात धरून उभा.

म्हणाल्या, उद्या सभेत सांगणार आहे. बालवाडी ठेवा नाहीतर काढा, तो तुमचा प्रश्न. पोरगा माझ्याकडे येणार. मग मला विचारलं, तू आईला फोन करतोस का रे. मी म्हटलं, करतो, पैसे पाठवायच्या दिवशी. आजी म्हणाल्या, हां, आमचाही तसाच करतो.

खाट हलकी होती. मला उगाच घाम आला.

चोवीस तासांची तर गोष्ट. उद्या सभा होऊन जाऊ दे, हात वर होऊ देत, मग सांगतो. धाकटीची फी वाचते. पण मग आजी सगळ्यांसमोर उभ्या राहून सांगणार की पोरगा माझ्याकडे येणार, आणि नंतर सगळ्यांना कळणार की तो पोरगा नाही, कासव आहे. तो पाट डोळ्यांसमोरून हलत नाही.

रविवार, ता. २३

नीट लिहितो, क्रमाने.

उपासनेत पाळकसाहेबांनी ढब्बू बरा झाला म्हणून आभार मानले. टाळ्या कधी वाजत नाहीत तिथे, आज वाजल्या. मग हॉलमध्ये सभा. एक्केचाळीस माणसं, सगळी मोठ्या खुर्च्यांवर, मी दोनदा मोजल्या. बाईंना बोलावलं होतं, त्या दाराजवळ बसल्या. खजिनदारांनी ठराव वाचला, पण अशा आवाजात की जणू दुसऱ्याचं पत्र वाचतायत. मग ऑर्गनवाल्या आजी उठायला लागल्या. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागतो. त्या वेळात मी बोललो.

"ढब्बू कासव आहे."

कुणाला कळलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, काय आहे? मी सामानाच्या खोलीत गेलो आणि त्याला घेऊन आलो. स्वेटर घातलेलाच होता. आजींसमोर धरला. सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून होड्यांच्या चादरीपर्यंत. खोटं बोललो नाही हे सांगायला गेलो पण ते काही बरं दिसेना, म्हणून म्हटलं, गप्प बसलो, तेच खोटं.

 आजींनी ढब्बूला हातात घेतलं. वळवून इकडून बघितलं, तिकडून बघितलं. ढब्बूने डोकं बाहेर काढून त्यांच्याकडे बघितलं.

"बाह्या लांब झाल्या," आजी म्हणाल्या.

पहिले हसले पाळकसाहेब. मग कोण नाही ते विचारा. खजिनदार तर हातांत तोंड लपवून, खांदे नुसते हलतायत. तो झोपलाय का, तो झोपलाय का, असं स्वतःशीच म्हणत होते. एका म्हाताऱ्यांना पाणी द्यावं लागलं. आजी हसल्या नाहीत, पण त्यांनी ढब्बू खालीही ठेवला नाही.

मला वाटलं सुटलो. पण पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, परत घातला आणि विचारलं, बाकीच्या चिठ्ठ्या कुठे आहेत. म्हटलं, केरात. म्हणाले, कासवाचं सोड, ते देव बघेल. पण कुणाची प्रार्थना शोभते आणि कुणाची नाही, हे तू ठरवलंस. हसत नव्हते. मी म्हटलं, साहेब, मी हळूहळू वाचतो, त्यामुळे पाठ आहेत. म्हणाले, मग म्हण.

म्हटल्या. एकेक. चंद्र मोठा कर. पाळकसाहेबांनी हात वर केला आणि एक्केचाळीस माणसं म्हणाली, प्रभू, ऐक. भाऊ नको, परत ने. प्रभू, ऐक. माझे बाबा लवकर घरी येऊ देत. प्रभू, ऐक. मला शेपटी दे. प्रभू, ऐक. हसत हसत म्हणत होती, पण म्हणत होती. मीही घुमत गेलो, आवाज चढला, मला वाटलं आपणच पाळक. आणि त्या भरात एक तोंडून निघून गेली, जी मी त्या दिवशी खजिनदारांना राग येईल म्हणून सगळ्यांत आधी फाडली होती.

"शाळेत माझी बोटं दुखतात. ब्रश धरता येत नाही. गरम कर."

कुणी काही म्हटलं नाही. बाई फरशीकडे बघत होत्या. एक्केचाळीस माणसं उबेत बसली होती. मग खजिनदार एकटेच म्हणाले, "प्रभू, ऐक." आणि जागेवर बसून ठरावाचा कागद चार घड्या करून खिशात टाकला.

तरी मत घेतलं, नियम आहे म्हणून. बालवाडी राहावी म्हणून सत्तावीस हात, नको म्हणून बारा, दोघे झोपलेले. हीटर रोज लावायचा, यावर हात मोजलेच नाहीत. आजींनी दोन्ही वेळा हात वर केला, दुसऱ्या हातात ढब्बू. मग बाईंकडे गेल्या. दोन वर्षांनी पहिलं वाक्य बोलल्या, ते असं: शनिवार-रविवार त्याला सामानाच्या खोलीत ठेवायचं काही कारण नाही, माझ्याकडे खोली तयार आहे. बाई म्हणाल्या, तो गादीवर घाण करतो. आजी म्हणाल्या, करू दे.

माझ्यावरही ठराव झाला. प्रार्थनेच्या पेटीत निवडानिवड केल्याबद्दल चर्चच्या अर्ध्यातून सहाशे कापायचे. सगळे हात वर. मीही केला. खजिनदार म्हणाले, तुला मत नाही, खाली घे.

सोमवार, ता. २४

पगार झाला. आईला फोन केला आणि आधीच सांगून टाकलं की या महिन्याला सहाशे कमी येतील. तिने धाकटीची फी जाईल ना, एवढंच विचारलं. म्हटलं, जाईल, पुढच्या महिन्याचीही जाईल, नोकरी राहिली. मग कशात गेले सहाशे, कुणी भेटली का. म्हटलं, नाही गं, कासव.

सांगत गेलो. सामानाच्या खोलीपर्यंत आलो तर तिकडून आवाज येईना. मला वाटलं फोन कटला. तर ती हसत होती, आवाज न करता, तोंडात पदर धरून, तिची सवय आहे. मग धाकटीला हाक मारली, अगं इकडे ये, आणि मला पहिल्यापासून परत सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना मीच मधे हसून बसलो. शेवटी आई म्हणाली, जाऊ दे, सहाशेचं हसले असं धरते.

उद्या पाठवायचे: चार हजार चारशे.